आर्केटा गावाचं सांडपाणी



२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर या गावी काही देश एकत्र आले आणि पाणथळ जागा राखायच्या, असा करार त्यांनी केला. पाणथळ म्हणजे काय? जिथे पाणी साचतं, जमीन वर्षातले बरेच दिवस ओली राहते, लव्हाळा-पाणकणीस उगवतं, बगळे-बदकं उतरतात, ती जागा. आपलं गावतळं पाणथळ, खाडीकाठची दलदल पाणथळ, धरणाच्या मागची उथळ पसरणही पाणथळच. आपल्या महाराष्ट्रातलं नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर आणि बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर या रामसरच्या यादीत गेलं. त्यानंतर २०२२ साली ठाण्याची खाडीही गेली.

दरवर्षी या दिवशी आम्ही रेडिओवर दोन चांगले शब्द बोलतो आणि मोकळ्या होतो. यंदा तसं करायचं नाही, असं आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत ठरलं. कारण यंदा आमच्याच तळ्याचा प्रश्न उभा आहे.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गटाने गावतळ्यात मत्स्यबीज सोडलं. पहिलं वर्ष बरं गेलं, कर्ज फिटलं. पुढे घरोघरी नळ आले. नळ आले याचा आनंद कुणाला नाही? डोक्यावरचा हंडा उतरला. पण नळाने आलेलं पाणी वापरून झाल्यावर जातं कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं. ते मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून आमच्या तळ्यात यायला लागलं. पाण्यावर हिरवी साय धरली. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले. आता गावात नवीन गटाराचं काम मंजूर व्हायचं आहे, आणि त्याचं तोंड तळ्यातच सोडायचं घाटत आहे. ग्रामसभा तोंडावर आली आहे.

तेव्हा आम्ही ठरवलं की आधी शोध घ्यायचा. ज्या गावांवर अशी वेळ आली, त्यांनी काय केलं? शोधता शोधता आमच्या एका गटसदस्येच्या लेकीने, ती विज्ञान शाखेत शिकते, एका गावाचं नाव काढलं. गाव फार लांबचं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, समुद्राच्या काठी. नाव आर्केटा. आज आम्ही त्या गावाच्या सांडपाण्याचा इतिहास सांगणार आहोत. नाक मुरडू नका. धान्याचा, सोन्याचा, राजांचा इतिहास असतो, तसा सांडपाण्याचाही असतो, आणि तो बहुधा बायकांच्या मोरीपासून सुरू होतो.

आर्केटा हम्बोल्ट नावाच्या खाडीच्या उत्तर टोकाला वसलं आहे. ही खाडी म्हणजे समुद्राचं जमिनीत शिरलेलं उथळ पाणी. भरतीला भरतं, ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, खेकडे, शिंपले असतात आणि ते खायला लाखो पाखरं येतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या पाखरांच्या वाटेवरचा तो मोठा मुक्काम आहे. या खाडीकाठी मूळचे वियोट लोक राहत होते. मासे, शिंपले, पाणगवत यांवर त्यांचा संसार चाले. १८५० साली सोन्याच्या खाणींच्या मागे धावत गोरे लोक आले आणि त्यांनी इथे बंदराचं गाव वसवलं. त्याचं पहिलं नाव युनियन. १८६० साली ते आर्केटा झालं. त्याच वर्षी, २६ फेब्रुवारीच्या पहाटे, खाडीतल्या बेटावर सणासाठी जमलेल्या वियोट लोकांची कत्तल झाली. मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. हे सांगितल्याशिवाय त्या खाडीचा इतिहास पुरा होत नाही. ते बेट वियोट लोकांना थोडंथोडं करून परत मिळालं, शेवटचा मोठा भाग २०१९ साली मिळाला. बेटावरच्या जुन्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्याची विषारी घाण त्यांनाच उपसावी लागली.

नव्या वसाहतवाल्यांना दलदल म्हणजे वाया गेलेली जमीन वाटे. आपल्याकडेही गाळपेर जमिनीवर डोळा असतोच. त्यांनी खाडीकाठाला बांध घातले, दलदलीतलं पाणी काढून टाकलं आणि तिथे गुरांना कुरणं केली. रेल्वे टाकली. लाकडाच्या गिरण्या उभ्या केल्या. खाडीकाठची बहुतेक खारी दलदल अशी नाहीशी झाली. आर्केटाच्या पुढ्यातला किनारा तर गावाची मागची मोरीच झाला. तिथे बंद पडलेल्या गिरण्यांचे ओंडके, तिथेच गावाचा कचऱ्याचा डोंगर आणि तिथेच गावाचं सांडपाणी.

सांडपाण्याचं आधी काहीच केलं जात नसे. ते जसंच्या तसं खाडीत सोडलं जाई. १९४९ साली पहिला प्रकल्प झाला. त्यात घाण पाणी हौदात थांबवून जड गाळ खाली बसू देत आणि वरचं पाणी सोडून देत. १९५७ साली त्याला ५५ एकरांची उथळ तळी जोडली. अशा तळ्यांना आपल्याकडे स्थिरीकरण तळी म्हणतात. त्यात ऊन, वारा, शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू मिळून घाण खातात. १९६६ साली रोगजंतू मारायला क्लोरीन घालायला सुरुवात झाली. मग लक्षात आलं की तेच क्लोरीन खाडीतल्या माशांनाही मारतं. म्हणून १९७५ पासून पाणी सोडण्याआधी उरलेलं क्लोरीन काढून टाकायला लागले. बघा, एक उपाय करावा तर त्यातून दुसरा प्रश्न निघतो. आपल्याही घरात असंच असतं.

त्या सुमारास देशात कायदे कडक झाले. १९७२ साली अमेरिकेने स्वच्छ पाण्याचा कायदा केला. १९७४ साली कॅलिफोर्निया राज्याने नियम काढला की बंदिस्त खाड्यांत सांडपाणी सोडायचं नाही. नियमात एकच फट होती. सोडलेल्या पाण्यामुळे खाडीचं भलं होतं, असं कुणी सिद्ध करून दाखवलं, तरच परवानगी.

मग राज्याच्या पाठिंब्याने एक मोठी योजना पुढे आली. खाडीभोवतालच्या सगळ्या गावांचं सांडपाणी मोठ्या नळांनी एकत्र करायचं, नळ खाडीच्या तळाखालून न्यायचे, एकच मोठा कारखाना बांधायचा आणि पाणी पलीकडे भर समुद्रात सोडायचं. त्यासाठी १९७५ साली गावांचं एक संयुक्त प्राधिकरणही झालं. शेजारचं युरेका हे मोठं शहर त्यात होतं आणि आर्केटाही होतं. खर्चातला मोठा वाटा सरकार देणार होतं. म्हणजे आपल्याकडे जसं म्हणतात, निधी आलाय, परत जायला नको.

पण आर्केटाच्या लोकांनी हिशेब मांडायला घेतला. योजनेच्या खर्चाचा अंदाज काही वर्षांतच जवळजवळ दुप्पट झाला होता. बांधायचा पैसा सरकार देईल, पण पंप रोज चालणार, त्यांची वीज कोण भरणार? खाडीखालचा नळ भूकंपाच्या मुलखात फुटला तर? आणि सगळ्यात मोठा प्रश्न असा, की एवढं गोडं पाणी आणि त्यातलं खत समुद्रात फेकून द्यायचं कशासाठी?

हे प्रश्न विचारणारी माणसं गावातलीच होती. गावात एक विद्यापीठ आहे. तिथले मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲलन यांनी १९७० च्या सुमारास एक प्रयोग सुरू केला होता. प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि खाडीचं खारं पाणी एकत्र करून त्या तळ्यात ते सामन माशांची पिल्लं वाढवत होते. सांडपाण्यात मासे जगतात, वाढतात, हे त्यांनी डोळ्यांदेखत दाखवलं. पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट गिअरहार्ट म्हणाले, दलदलीतल्या वनस्पतींना हे काम द्या, त्या पाणी निवळून देतील. नगरपालिकेच्या बांधकाम खात्याचे प्रमुख फ्रँक क्लॉप यांनी ते प्रत्यक्षात कसं बांधायचं ते बघितलं. नगरसेवक डॅन हाउसर यांच्यासारख्यांनी सरकारदरबारी बाजू लढवली. १९७७ साली नगरपालिकेने या कामासाठी एक गटच नेमला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नियमात लिहिलंय ना, खाडीचं भलं करून दाखवा? मग आम्ही दाखवतो. ज्या दलदली आमच्या आजोबा-पणजोबांनी बुजवल्या, त्या आम्ही परत तयार करतो. सांडपाणी त्यातून फिरवतो. पाणीही निवळेल, पाखरांना घरही मिळेल.

राज्याच्या अधिकाऱ्यांना हे पटेना. यंत्र नाही, लोखंड नाही, गवताने पाणी साफ होणार म्हणता? बैठका झाल्या, सुनावण्या झाल्या, अर्ज फेटाळले गेले, पुन्हा केले गेले. शेवटी १९७९ साली तीन वर्षांच्या प्रयोगाला परवानगी मिळाली. त्यांनी लहान लहान वाफे केले, प्रत्येकात वेगळ्या खोलीचं पाणी, वेगळा वेग, वेगळी झाडी. दर ठरल्या दिवशी पाणी तपासायचं आणि वहीत लिहायचं. आपण बैठकीत जशी बचतीची नोंद करतो तसंच. तीन वर्षं नोंदी ठेवल्या, तेव्हा कागदावर पुरावा उभा राहिला. १९८३ साली राज्याने मान्यता दिली. संयुक्त योजना बारगळली, युरेकाने आपला प्रकल्प वेगळा बांधला. १९८६ पासून आर्केटाचं सगळं सांडपाणी दलदलीतून फिरायला लागलं.

आता ते पाणी कसं फिरतं ते सांगतो, कारण खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

घराघरातलं पाणी आधी जाळीतून जातं. चिंध्या, प्लास्टिक तिथे अडतं. मग वाळू-खडे खाली बसतात. मग पाणी मोठ्या हौदात सावकाश थांबतं आणि जड गाळ तळाशी बसतो. तो गाळ बंद टाकीत कुजवतात. आपल्या गोबरगॅससारखंच. पुढे त्याचं खत होतं. वरचं पाणी मोठ्या उथळ तळ्यांत जातं. तिथे ऊन आणि जिवाणू आपलं काम करतात. पण त्या तळ्यांत शेवाळ फार होतं. पाणी हिरवं दिसतं. हेच हिरवं पाणी खाडीत सोडलं तर शेवाळ तिथे मरून कुजेल, पाण्यातला प्राणवायू संपेल आणि मासे गुदमरतील. आमच्या तळ्यात झालं ते हेच, हे वाचताना आम्हाला उमगलं.

म्हणून पुढची पायरी दलदलीची. लव्हाळा आणि पाणकणीस यांनी गच्च भरलेल्या वाफ्यांतून पाणी हळूहळू सरकतं. इतकी गर्दी असते की खाली ऊन पोचत नाही. ऊन नाही म्हणून शेवाळ मरतं आणि खाली बसतं. पाण्यात बुडालेल्या देठांवर, मुळांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो. आपल्या माठाच्या आत धरतो ना, तसा. तो थर उरलेली घाण खातो. म्हणजे पाणी साफ करायचं बरंचसं काम तो थरच करतो. लव्हाळा त्याला बसायला जागा देतो आणि सावली धरतो. हे नीट ध्यानात ठेवा. नुसतं चार झाडं लावून पाणी साफ होत नाही. पाणी किती दिवस थांबतं, किती सावकाश जातं, यावर सगळं असतं.

त्यानंतर बरीच वर्षं रोगजंतू मारत. मग ते पाणी मोठ्या, मोकळ्या दलदलीत सोडतात. या दलदलींना ॲलन, गिअरहार्ट आणि हाउसर यांचीच नावं दिली आहेत. शेजारच्या एका तळ्याला क्लॉप यांचं नाव आहे. इथे पाखरं राहतात, लोक फिरायला येतात. तिथून पाणी परत प्रकल्पात येई, पुन्हा रोगजंतू मारले जात, आणि मगच खाडीत जाई. पाखरांच्या विष्ठेतूनही जंतू येतात, म्हणून ही दुसरी खबरदारी. मोरीतून निघालेल्या पाण्याला खाडीपर्यंत पोचायला काही आठवडे लागतात.

एवढी खबरदारी का? कारण त्या खाडीत कालवं पिकतात. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या मैत्रिणींना कालवं सांगायला नकोत. खडकावरून कोयत्याने फोडून आणणाऱ्या बायका आपल्या ऐकणाऱ्यांत असतील. कालव दिवसभर पाणी आत ओढतं, गाळतं आणि बाहेर सोडतं. म्हणून पाण्यातले जंतू कालवात साठतात आणि खाणाऱ्याच्या पोटात जातात. हम्बोल्ट खाडी कॅलिफोर्नियातली कालवांची सगळ्यात मोठी शेती आहे. मोठा पाऊस झाला, ओढ्यांतून घाण वाहून आली, की काही दिवस कालवं काढायला बंदी घालतात. म्हणजे पाणी नासलं की तिथे थेट मजुरी बुडते. गावाने दलदल राखली ती पाखरांसाठी, आणि खाडीवर पोट असणाऱ्या माणसांसाठीसुद्धा.

आज त्या राखीव दलदलीचा पसारा ३०७ एकर आहे. तीनशेहून जास्त जातींची पाखरं तिथे नोंदली गेली आहेत. जुना कचऱ्याचा ढीग मातीने झाकून त्याची टेकडी केली आहे, लोक त्यावर चढून खाडी बघतात. १९८७ साली फोर्ड फाउंडेशन आणि हार्वर्ड विद्यापीठाने कारभारातल्या नव्या कल्पनेबद्दल गावाला बक्षीस दिलं. पुढे दलदलीची माहिती द्यायला तिथे केंद्र झालं. गावातलेच स्वयंसेवक पाहुण्यांना फिरवून आणतात. सांडपाण्याच्या प्रकल्पावर लोक डबा घेऊन सहलीला येतात, हे ऐकून आमच्या बैठकीत हशा पिकला. आपल्याकडे गटाराच्या कडेने जाताना पदर नाकाला लावतो!

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी सांगितल्यासारखी होईल. दलदल एकदा बांधली आणि विसरली, असं चालत नाही. वर्षानुवर्षं गाळ साठतो, तळी भरतात, तो उपसावा लागतो. लव्हाळा फार माजला की कापावा लागतो. पावसाळ्यात जुन्या फुटक्या नळांतून पावसाचं पाणी शिरतं आणि प्रकल्प तुडुंब होतो. नियम पुढे आणखी कडक झाले, म्हणून यंत्रं बदलावी लागली. क्लोरीनऐवजी आता विशिष्ट किरणांनी जंतू मारायची सोय केली आहे. आणि सगळ्यात मोठं संकट समुद्राचं. हम्बोल्ट खाडीत पाणी वर येतंय आणि जमीन खाली खचतेय. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाण्याची चढण सगळ्यात वेगाने तिथेच होते. दलदल आणि प्रकल्प सखल जागी, शंभर वर्षांपूर्वीच्या बांधांच्या आड आहेत. बांध फुटले तर? हा प्रश्न आज त्या गावापुढे उभा आहे. चाळीस वर्षांपूर्वी वाचवलेली जागा पुन्हा वाचवायची आहे.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याला आर्केटा उचलून आणता येणार नाही. त्यांच्याकडे वर्षभर थंड हवा आणि भरपूर पाऊस, आपल्याकडे उन्हाळ्यात तळं भेगाळतं. पण हिशेब आपल्यालाही मांडता येतो. नळ योजनेत दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर. त्यातलं ढोबळ मानाने ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे घरटी २२० लिटर. दोनशे उंबऱ्यांच्या गावाचं झालं ४४,००० लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर आणि वर थोडं. रोज. उन्हाळ्यात चार टँकर पाणी गावात आलं तर आपण रांग लावतो. आणि तेवढंच पाणी आपण दररोज ओढ्यात ढकलतो आणि तळं नासवतो.

हे आकडे आम्ही बैठकीत फळ्यावर लिहिले. मग आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "आमच्या टायमाला मोरीच्या पाण्यावर अळू अन् केळ असायची. पाणी दाराबाहेर जातच नव्हतं." खरं आहे. परसातली अळू-कर्दळ हीच आपली लहानशी दलदल होती. तेव्हा पाणी डोक्यावरून यायचं म्हणून जपून वापरलं जायचं, साबण-पावडरही कमी होती. आता पाणी वाढलं आणि परस राहिलं नाही.

म्हणून पहिलं पाऊल घरातच. जमीन मुरमाड असेल तर शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास दोन्ही हटवले, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. पण काळ्या चिकण मातीत खड्डा लवकर तुंबतो, तिथे परसबागेत पाणी फिरवणं बरं. खड्ड्याच्या आधी जाळी आणि गाळ बसायला छोटी टाकी हवीच, नाहीतर साबणाचा साका आणि खरकटं जाऊन वर्षभरात खड्डा बंद. विहिरीला, हातपंपाला लागून खड्डा घ्यायचा नाही. आणि संडासाच्या टाकीचं पाणी परसबागेत किंवा उघड्या गटारात अजिबात सोडायचं नाही. मोरीचं पाणी वेगळं, संडासाचं वेगळं. त्याची व्यवस्था स्वतंत्रच झाली पाहिजे.

घरात मुरवूनही जे पाणी उरेल, गल्लीतलं, सार्वजनिक नळावरचं, त्याच्यासाठी गावाच्या खालच्या अंगाला दुसरं पाऊल. आधी जाळी, मग गाळाचा हौद, मग उथळ तळं, मग कर्दळ-पाणकणसाचा वाफा, आणि मग शेवटी निवळलेलं पाणी झाडांना. क्रम तोच, जो आर्केटाने धरला. मधली एक पायरी गाळली तर पुढची तुंबते. आणि साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून कडा साफ ठेवणं, गाळ काढणं, हे काम कोण करणार आणि त्याचा पगार कोण देणार, हे आधी ठरवायचं. तेही बहुतेक वेळा बायकांच्याच माथी फुकट मारलं जातं. तसं होऊ द्यायचं नाही. काम असेल तर मजुरी असली पाहिजे.

मोठ्या गावांचं काय? लोणारच्या सरोवराचं बघा. उल्का पडून झालेलं ते विवर, त्यातलं खारं पाणी, त्या पाण्यातले जगात दुर्मीळ असे सूक्ष्म जीव. आणि विवराच्या काठावर गाव. गावचं सांडपाणी उतारावरून सरोवराकडे जातं, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. खारट पाण्यात गोडं सांडपाणी मिसळलं तर तिथले जीवच बदलतील. म्हणजे आर्केटाचा प्रश्न आपल्या बुलढाण्यातही आहे. सांडपाणी गावात निघतं आणि दुखणं पाणथळ जागेला होतं. लांबची गोष्ट आम्ही सांगितली ती म्हणूनच.

आता आमच्या ग्रामसभेबद्दल. आम्ही तिथे काय म्हणणार आहोत, ते आज सगळ्यांच्या कानावर घालतो. गटार नको, असं आम्ही म्हणणार नाही. गटार हवंच, चिखलातून लेकरं शाळेत जातात. आम्ही एवढंच मागणार की गटाराचं तोंड तळ्यात उघडायचं नाही, तळ्याच्या वरच्या गायरानात पाण्याला थांबवायचं. अंदाजपत्रकात गटाराच्या लांबीबरोबर शेवटच्या टोकाचाही खर्च धरायचा. आणि काम मंजूर होण्याआधी वीस घरी शोषखड्डे आणि परसबागा करून, दर आठवड्याला किती पाणी मुरलं याची नोंद ठेवायची. ती वही आम्ही कालपासून घातली आहे. पहिल्या आठवड्याला सहा घरं तयार आहेत.

काही जण म्हणतात, बाईमाणसाला गटारातलं काय कळतं, इंजिनीअर आहेत ना. इंजिनीअर हवेतच. आर्केटाच्या दलदलीतही इंजिनीअरच होते. पण त्यांनी तीन वर्षं पाणी तपासून नोंद ठेवली, तेव्हा सरकार ऐकलं. आपल्या घरातून किती बादल्या पाणी बाहेर जातं, हे कोणत्या इंजिनीअरला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे?

आमचं काय होईल, ते पुढच्या महिन्यात याच वेळी सांगू. ग्रामसभेत हरलो तरी सांगू. तोवर तुमच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या मोरीतून किती बादल्या पाणी गेलं, ते प्रत्येकीने मोजा, आणि ते पाणी पुढे कुठे गेलं, त्याच्या मागोमाग चालत जाऊन बघा. जिथे ते थांबतं, ती जागा कुणाची आहे, तिथे कोण धुणं धुतं, कोणाची गुरं पाणी पितात, कोण मासे धरतं, ते लिहून ठेवा. आम्हाला कळवा. पुढचं बोलणं तुमच्या वहीवरून करू.